समुद्राकाठचं घर घ्यायचंय? आधी तिथी बघा

गुहागरच्या खालचा पाट या वस्तीत आमचं घर आहे. पुढे रस्ता, मग अंगण, ओटी, माजघर, मागची पडवी, त्यामागे नारळी-पोफळीचं आगर आणि आगराच्या टोकाला बेडं, म्हणजे मागचं फाटक. बेडं उघडलं की सुरूची झाडं आणि पलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आगरातलं जुनं चिऱ्याचं घर आम्ही दुरुस्त करून घेतलं आणि ते पाहुण्यांना राहायला देतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शनिवार-रविवार रिकामं आहे का?" दुसरा, "बीच टच आहे ना?" दोन्हीची उत्तरं मी देते आणि मग माझा प्रश्न विचारते, "त्या दिवशी तिथी कोणती आहे?"

पुष्कळांना हा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा वाटतो. तो भरती-ओहोटीचा आहे. समुद्राला लागून राहायचं तर पोहायचं कधी, फिरायचं कधी, मुलांना वाळूत कधी सोडायचं, हे सगळं पाण्यावर ठरतं. दोन महिने आधी आरक्षण करताना हे बघितलं तर त्याच पैशात, त्याच घरात मुक्काम दुप्पट चांगला होतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तारीख कशी काढायची

माझ्या सासऱ्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, तोंडपाठ. त्यातली पाउणकी आमच्याकडे रोज वापरात होती. कालनिर्णयात त्या दिवसाची तिथी बघायची. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदा म्हणजे एक, द्वितीया म्हणजे दोन, असं मोजत पौर्णिमा पंधरा आणि अमावास्याही पंधराच. त्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ.

पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे भरती दुपारी पावणेचारला. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्रीची. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरा. मुंबईकडे भरती थोडी उशिरा येते, मालवण-गोव्याकडे थोडी लवकर. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर मोबाइलवर त्या त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण मुक्कामाची तारीख ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या पुढे आणि पुन्हा संध्याकाळी पाचच्या पुढे. पहाटेपासून पाणी चढायला लागतं, तेव्हा सात ते साडेनऊ या वेळात चढत्या पाण्यात डुंबता येतं आणि उन्हं तापायच्या आत घरी येता येतं. संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळी पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा मिळतो. गुडघे दुखणाऱ्या माणसांनासुद्धा त्या वाळूवर चालता येतं; कोरड्या, भुसभुशीत वाळूत त्यांचे हाल होतात. ज्यांच्या घरात आजी-आजोबा आणि नातवंडं दोन्ही येणार आहेत त्यांना मी चतुर्दशी ते तृतीया या दरम्यानचे दिवस सुचवते.

अष्टमीचं चित्र उलटं. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. वाळू रुंद होते तेव्हा ती तापलेली असते, आणि संध्याकाळी फिरायला निघावं तर पाणी वर आलेलं. पण या दिवसांत भांग असते, म्हणजे पाणी चढतं-उतरतं कमी आणि त्याची ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण. तेव्हा पाणी वरपर्यंत येतं आणि उतरताना जोरात उतरतं. ज्यांना पाण्यात फार उतरायचं नाही, व्हरांड्यात बसून लाटांचा आवाज ऐकत वाचायचंय, त्यांना अष्टमीच्या आसपास या म्हणून सांगते. संध्याकाळी समुद्र जवळ आलेला असतो आणि गर्दीही नसते.

ऋतूचं थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान: हवा कोरडी, समुद्र शांत, रात्री पांघरूण लागतं. मार्चपासून घाम सुरू होतो. मे महिन्यात आंबे-फणस असतात, पण गर्दी आणि उकाडाही असतो, आणि महिना संपता संपता समुद्र फिरायला लागतो. पावसाळ्यात यायला माझी ना नाही, मात्र तेव्हा पाण्यात पाय घालायचा नाही, कपडे वाळत नाहीत आणि वीज जाते-येते हे मान्य करून या. गणपतीत आणि शिमग्याला आमच्या भागात घर मागू नका. चाकरमानी आलेले असतात, शिमग्याला पालखी घरी येते, घरातली बाई त्या दिवसांत पाहुण्यांकडे बघू शकत नाही. एखाद्याने घर दिलंच तरी तुमची आबाळ होईल.

फोनवर काय विचारायचं

"बीच टच" हा शब्द जाहिरातीत कोणीही लिहितो. त्याऐवजी विचारा: खोलीच्या दारातून वाळूत पाय पडेपर्यंत किती पावलं? मध्ये रस्ता लागतो का? बांध किंवा भिंत आहे का, असेल तर पायऱ्या किती? पूर्ण भरतीला घरासमोर वाळू उरते की पाणी भिंतीला लागतं? मग मालकाला सांगा, खोलीतून निघून पाण्यापर्यंत चालत जा आणि तेवढ्या चालण्याचा व्हिडिओ पाठवा. ज्याचं घर खरोखर तिथे आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून आगाऊ पैसे घेणारे लोक नेमके इथे अडकतात. व्हिडिओ कॉल त्याहून चांगला. पैसे पाठवताना खात्यावर दिसणारं नाव आणि मालकाने सांगितलेलं नाव एकच आहे ना, तेही बघा. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. त्यात नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो मागायला लाजू नका.

अगदी वाळूवर उभी केलेली नवी कोरी इमारत दिसली तर एक प्रश्न जास्त विचारा. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांमुळे गावांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेलगत नवं बांधकाम सहजासहजी करता येत नाही. परवानगीचा घोळ असलेल्या जागेवर कधीही कारवाई होऊ शकते आणि तुमचे आगाऊ पैसे त्यात अडकतात. आमच्यासारखी आगरातली घरं थोडी आत असतात, पण माडांची सावली मिळते आणि खारा वारा थेट अंगावर येत नाही.

पाण्याचं नीट विचारा, विशेषतः एप्रिल-मेसाठी. किनाऱ्यालगत पावसाचं गोडं पाणी वाळूखाली मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. आमच्या विहिरींना तेच मिळतं. उन्हाळ्यात उपसा वाढला की गोड्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं. मग पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात. पिण्याचं पाणी वेगळं आहे का, आंघोळीचं मचूळ आहे का, हे मालकाला सरळ विचारा. आणि मुक्कामात शॉवर सोडून बादलीने आंघोळ करा. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही; मे महिन्यात चार कुटुंबांनी शॉवर सोडून ठेवले की आठवडाभरात शेजारपाजारच्या विहिरींची चव बदलते. पाहुणे परत जातात, आम्हाला तेच पाणी पोफळींना घालायचं असतं.

विजेबद्दल विचारताना "इन्व्हर्टर आहे का" एवढ्यावर थांबू नका. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी चालत नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल, नेब्युलायझर लागत असेल, तर जनरेटर आहे का ते बघा. मोबाइलची रेंज कोणत्या कंपनीची चांगली येते तेही विचारून ठेवा. घरून काम करणारे इथे येऊन लॅपटॉप हातात धरून अंगणभर फिरताना मी बघते आणि मलाच वाईट वाटतं.

शेवटचा प्रश्न जेवणाचा, आणि तो मोकळेपणाने विचारा. गुहागरात कितीतरी घरं शाकाहारी आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मासळी चालत नाही. काही घरांत चालते. हे आधी बोलून घेतलं की कोणाचंच मन दुखत नाही. आमच्याकडे आम्ही शाकाहारी जेवण करतो, आणि ज्यांना मासळी हवी त्यांना शेजारच्या वहिनींच्या हातचं ताट सांगतो.

येताना

मुंबईहून कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा-जीप, हा सगळ्यात कमी दगदगीचा मार्ग. चिपळूण ते गुहागर साधारण ४५ किलोमीटर. पुणे-कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट. दापोलीकडून येणाऱ्यांनी दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवावी आणि धोपाव्याला उतरावं. मोठा वळसा वाचतो, मुलांना वाशिष्ठीची खाडी बघायला मिळते. फेरीची शेवटची वेळ विचारून निघा. काहीही करा, पण उजेडात पोहोचा. आगरातल्या वाटा अरुंद असतात, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडांचे बांध, आणि अंधारात गाडी मागे घेताना आरशांचा चुरा होतो.

गाडी माडाखाली लावू नका आणि स्वतःही माडाखाली खुर्ची टाकून बसू नका. कोणत्या झाडाचे नारळ पडतात ते आम्ही जाणतो, तुम्ही जाणत नाही. वाकलेल्या माडाला टेकून फोटो काढायची हौस असेल तर मान वर करून आधी बघा, वर नारळ आणि वाळक्या झावळ्या आहेत की उतरवून घेतल्यात.

सामानात जुनी चप्पल, विजेरी, डास पळवणारं मलम, जलसंजीवनीची पाकिटं, प्रत्येकी दोन पातळ पंचे. जाड टर्किश टॉवेल दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. मुलांचे पोहण्याचे कपडे भडक रंगाचे घ्या, भगवे किंवा लाल. निळा-पांढरा कपडा लाटेत दिसत नाही.

पाण्यात उतरताना

इथे मी थोडी कडक होते, आणि पाहुण्यांनी ते मनावर घेऊ नये.

आमच्या पडवीच्या खांबाला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन टांगलेला असतो, त्याला लांब दोरी बांधलेली. पाहुणे पोहायला निघाले की तो कॅन एकाच्या हातात देते. कोणी ओढला गेला तर त्याच्यामागे पाण्यात उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. कॅन धरला तर तरंगत राहता येतं आणि दोरीने ओढून घेता येतं.

चढत्या पाण्यात उतरा, उतरत्या पाण्यात बाहेर या. वर सांगितलेली पाऊणपट त्यासाठीच. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी पाण्याबाहेर आलात तर उत्तम. खोली कमरेपर्यंत, मुलांसाठी गुडघ्यापर्यंत. किनाऱ्याचा उतार सगळीकडे सारखा नसतो. दहा पावलं गुडघाभर पाणी असतं आणि अकराव्या पावलाला छातीपर्यंत येतं. कोणत्या जागी उतरायचं ते मालकाला किंवा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना विचारा. शेजारच्या गावात चांगलं होतं म्हणून इथेही तसंच असेल असं धरू नका. सूर्य बुडाल्यावर पाण्यात कोणीही नाही. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

लाटांकडे पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहा. डावी-उजवीकडे लाटा फुटतायत, पांढरा फेस येतोय, आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी थोडं गढूळ आहे, फेस उलटा आत चाललाय. नवख्या माणसाला तीच जागा पोहायला सुरक्षित वाटते, आणि ओढ तिथेच असते. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या पट्ट्यातून परत आत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारत दमू नका. उताणे व्हा, तरंगा, हात वर करून हाक मारा. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते, आणि तिची रुंदी थोडीच असते. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत त्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर तिरके परत या. मुलांना हे घरीच, पलंगावर उताणं झोपवून शिकवून आणा.

मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाइल घरी ठेवून, समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. त्याचं तेवढंच काम. दर अर्ध्या तासाने माणूस बदला. सगळेच लक्ष ठेवतायत म्हणजे कोणाचंच लक्ष नाही.

ओहोटीच्या उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेली असते. पाय घासत गेलात तर ती आधीच निघून जाते, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी कितीतरी लोकांना पाकटींचे काटे लागले होते. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तास-दीड तास बुडवून ठेवा, कळ उतरते. मग डॉक्टर गाठा, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. जेलीफिशचे धागे अंगाला चिकटले तर चोळू नका, वाळू घासू नका, नळाचं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे हाताला कापड गुंडाळून काढा. श्वास लागला, चक्कर आली तर वाट बघत बसू नका. १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ आपत्कालीन मदतीचा. दोन्ही नंबर मी आमच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेत. तुम्ही जिथे उतराल तिथे जवळचा दवाखाना कुठे आहे ते पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या.

हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या कातळातली ती अरुंद चीर भरतीच्या वेळीच बघण्यासारखी. लाट आत घुसते आणि पाणी उंच उसळतं. पौर्णिमेच्या दिवसांत आलात तर सकाळी डुंबून, घावन खाऊन अकराच्या सुमाराला तिथे पोहोचता येतं. ओहोटीला गेलेले लोक "काही विशेष नाही" म्हणत परत येतात. भरतीला मात्र घळीच्या काठावर अजिबात जायचं नाही, शेवाळलेला कातळ आहे. लांबून छान दिसतं.

घरात राहताना

बाहेरून आलात की अंगणातल्या नळाखाली आधी पाय धुवा, मग मुलांचे खिसे उलटे करून झाडा. ओले कपडे आमच्या बाहेरच्या बादलीत पिळा. न्हाणीघरात धुतले की वाळू मोरीत बसते आणि तुंबलेली मोरी तुमच्याच मुक्कामात त्रास देते.

खिडक्यांचं गणित सोपं आहे. दुपारपासून खारा वारा समुद्राकडून येतो. तेव्हा पश्चिमेच्या खिडक्या ओढून घ्या, नाहीतर गाद्या-उशा चिकट होतात. रात्री उशिरा वारा फिरतो, डोंगराकडून मतलई वारा सुरू होतो. तेव्हा पूर्वेची खिडकी उघडा. हिवाळ्यात त्या खिडकीखाली एसीची आठवणही होत नाही. डासांसाठी जाळ्या आहेतच, दिवेलागणीच्या आधी त्या लावून घ्या.

एसी असेल तर दार उघडं ठेवून चालवू नका. खारी हवा आत घेऊन तो लवकर गंजतो. मोबाइल, कॅमेरा समुद्रावरून आणल्यावर ओल्या कपड्याने पुसा, मग कोरड्याने. तुमच्या चष्म्यावर संध्याकाळी जो धूसर थर बसतो तोच मिठाचा थर प्रत्येक वस्तूवर बसत असतो. आमच्या बिजागऱ्या, कड्या, पंख्यांची पाती दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागतात. एखादी कडी घट्ट लागली तर जोर करू नका, हाक मारा, मी तेल घालून देते.

जेवण आदल्या संध्याकाळी सांगा. मोदक, घावन, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, यातलं काहीही ऐनवेळी होत नाही. नारळ खवायचा, आमसुलं भिजवायची, तांदूळ वाटायचे, याला वेळ लागतो. मोदकांची उकड ताजीच लागते, म्हणून जेवायची वेळ सांगितलीत की ती पाळा. बाराला सांगून अडीचला आलेल्या पाहुण्यांपुढे गार, भेगाळलेले मोदक ठेवताना माझा जीव तुटतो.

मासळी खाणाऱ्यांनी "सुरमईच पाहिजे" असा हट्ट धरू नये. जे सकाळी असगोलीला किंवा वेलदूरला आलं ते ताजं. बांगडा ताजा असला तर त्याच्यापुढे बर्फातली सुरमई काहीच नाही. स्वतः आणायला गेलात तर कल्ला उचलून बघा, आतून लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबलं की मांस लगेच वर यायला हवं. तिथेच साफ करून, कापून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत पाहुण्यांनी सुके बोंबील, सुकट, खाडीची मासळी यांवर समाधान मानावं. बंदीत मोठी पापलेटं मागितली तर ती कुठल्यातरी शीतगृहातून येतात.

रात्रीचे दिवे

डिसेंबर ते एप्रिल आलात तर रात्री व्हरांड्याचे दिवे मी मालवते, याचा राग मानू नका. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूवर चढून अंडी घालतात. उजेड, गोंगाट, गाड्यांचे दिवे दिसले की अंडी न घालता परत फिरतात. पिल्लं बाहेर पडल्यावर ज्या दिशेला उजेड जास्त तिकडे धावतात. समुद्रावरच्या आभाळाचा उजेड सोडून घराच्या दिव्याकडे वळली की संपलं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली संवर्धनाचं काम सुरू केलं आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावरून २०२३ च्या फेब्रुवारीत दोन माद्यांना पाठीवर उपग्रह टॅग बसवून सोडलं. त्यांची नावं ठेवली गुहा आणि बागेश्री. आता इथली पोरंटोरं कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्रांच्या मागे पहाटे किनारा धुंडाळतात, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

पहाटे फिरताना वाळूत पाण्यापासून वर चढलेली आणि पुन्हा पाण्यात गेलेली रुंद माग दिसली, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे फटकारे, तर तिथे उकरू नका, माग पुसू नका. मालकाला फोन करा, तो कासवमित्राला कळवेल. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. सोडायच्या वेळी बघायला जरूर जा, आखलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहा, फ्लॅश बंद, आणि पिल्लू उचलून मुलांच्या हातात देऊ नका. त्यांना वाळूवरून स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जाऊ द्यायचं असतं.

याच कारणाने वाळूवर गाडी नेऊ नका. घरटं चाकाखाली जातं. शिवाय ओली वाळू वरून घट्ट दिसते, आत चाक रुततं, आणि मागून भरती येत असते. पाऊणपट करून बघा म्हणजे ट्रॅक्टर आणायला किती वेळ उरलाय ते कळेल. पोलीसही गुन्हा दाखल करतात.

काचेच्या बाटल्या वाळूवर नेऊ नका. फुटलेली काच वाळूत पुरली जाते आणि वर्षानुवर्षं कोणा ना कोणाच्या पायात जाते; रापण ओढणारे अनवाणी असतात.

निघताना

ओला कचरा आगरातल्या खड्ड्यात टाका, त्याचं खत होतं. प्लास्टिक, डायपर, पॅड वेगळ्या पिशवीत बांधून द्या किंवा बरोबर न्या. शहाळ्यांची टरफलं कोपऱ्यात राहू द्या, वाळली की आम्हाला बंबात जाळायला होतात.

चावी देण्याआधी खाटेखाली आणि सुरूत बांधलेल्या दोरीवर एकदा बघा. मुलांचे पोहण्याचे कपडे आणि फोनचे चार्जर सगळ्यात जास्त मागे राहतात, आणि कुरिअरने पाठवायला मला गुहागर बाजारात जावं लागतं. शंख-शिंपले मूठभर न्या. जिवंत शंख ओळखायला तो ओहोटीच्या पाण्यात उलटा ठेवून बघा, आतून हालचाल झाली तर तिथेच सोडा.

गाडी किनाऱ्याजवळ दोन-तीन रात्री उभी राहिलेली असेल तर चिपळूणला किंवा घरी पोहोचताच खालच्या बाजूने गोड्या पाण्याने धुऊन घ्या, ब्रेक आणि सायलेन्सरच्या भागात विशेष. आणि पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा कालनिर्णय समोर घेऊन बसा. तिथी तुम्ही सांगा, कोणती खोली रिकामी आहे ते मी सांगते.